नाकवाल्या गाडीची टाकी

बदलून बसवलेली टाकी गळते आहे हे सगळ्यांत आधी बाबांना कळलं, आणि तेही जागेवरून न उठता.

मार्चमधली रविवारची सकाळ होती. पिंपळगाव राजाच्या आमच्या घरामागे लिंबाच्या सावलीत गाडी उभी होती. काकांनी आणि मी डिझेलची टाकी पट्ट्यांनी आवळून बसवली होती, दोन कॅन डिझेल ओतलं होतं आणि फडक्याला हात पुसत उभे होतो. बाबा बाजेवर बसले होते. त्यांना आता दहा पावलांपलीकडचं धड दिसत नाही.

"बाई, डिझेलचा वास येऊन राह्यला," ते म्हणाले.

"आत्ताच तं भरलं बाबा. ओतताना सांडलं असन."

"सांडल्याचा वास उडून जाते. हा येतच हाये."

मी गाडीखाली सरकले आणि टाकीच्या तळाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. पुसून पुन्हा फिरवलं, पुन्हा ओलं. काकांनी घरातून परात आणून खाली ठेवली. जेवणं होईपर्यंत परातीचा तळ झाकला होता.

काका म्हणजे बाबांचे जुने क्लीनर. विशीत असताना बाबांच्या गाडीवर चढले, पुढे स्वतःच ड्रायव्हर झाले, आता पासष्टीच्या घरात आहेत. आई गेल्यापासून बाबा गावात एकटेच असतात. मी खामगावला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, शनिवारी दुपारी शाळा सुटली की गावी येते. बाकीचे दिवस बाबांची भाकर काकांच्या घरून येते.

आणि गाडी म्हणजे पुढे इंजिनाचं लांब नाक असलेला जुना ट्रक. गावात सगळे तिला नाकवाली म्हणतात. बाबांनी घेतली तेव्हाच ती एका मालकाची वापरून झालेली होती. त्यानंतर तिने कितीतरी वर्षं खामगावच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहिल्या. बाबांनी भाडी मारणं सोडलं तरी गाडी सोडली नाही. तिचे कागद त्यांनी कधी मागे पडू दिले नाहीत. कारण दर एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची पुढची गाडी तीच असायची. आदल्या दिवशी आम्ही तिला धुवायचो, बाजूचे फाळके सोडायचो, निळं कापड बांधायचो. वर फुलांत ठेवलेली तसबीर, मागे पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, गाणी म्हणणारा जथा, लेझीमवाले. बाबा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसत आणि माणसाच्या चालीनं गाडी नेत. इतक्या जुन्या इंजिनाला इतकं हळू चालवणं सोपं नसतं. मला ते मोठी झाल्यावर कळलं.

चार वर्षांपूर्वी जुनी टाकी तळातून सडली. तेव्हापासून मिरवणुकीला भाड्याची गाडी येते. बाबा मिरवणुकीला जायचे बंद झाले. पहिल्या वर्षी म्हणाले, गुडघे दुखतात. मला खरं वाटलं. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाले. तिसऱ्या वर्षी मी मिरवणुकीतून मध्येच घरी आले, तर ते घरामागे गाडीच्या पायरीवर बसलेले होते. इस्त्रीचा सदरा घातलेला होता. मी आल्याचं त्यांना कळलं. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि परत गेले.

यंदाच्या हिवाळ्यात मी ठरवलं की नाकवालीला टाकी बसवायची. तिच्या जातीची टाकी आता कुठे मिळत नाही. काका आणि मी तीन रविवार हिंडलो. शेवटी वडनेर भोलजीजवळ हायवेवर जुन्या गाड्या मोडणाऱ्या एकाकडे जवळपास तेवढ्याच मापाची एक टाकी मिळाली. दुसऱ्या कुठल्यातरी ट्रकची होती, पण पत्रा जाड होता. त्या माणसाने आमच्यासमोर ती पाण्याने भरून दाखवली. थेंबही पडला नाही.

आणि आता परातीत डिझेल होतं. "फसवलं आपल्याले," मी म्हणाले.

काकांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. "कपड्याचा साबन चोपडू चांगला दाबून," ते म्हणाले. "साबनाले डिझेल खात नाई. म्या अशी गाडी अकोल्याहून पार नाशिकपावतर नेली हाये."

"नेली असशीन," बाबा म्हणाले. "तवा तुह्या मांगं कोनी चालत नव्हतं."

काकांनी परात जरा पुढे सरकवली.

"मिरवनुकीत मांगं लेकरं असतात," बाबा म्हणाले. "बाया हातात मेनबत्त्या घेऊन चालतात. पोट्टे फटाके लावतात. गळती गाडी म्या नाई नेऊ देनार. बराबर होत असन तं करा, नाई तं राहू द्या."

जयंती मंडळाच्या सचिव आमच्या वस्तीतल्याच, अंगणवाडीत काम करतात. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, दहा तारखेपावतर पक्कं सांगा. मंग आमाले दुसरी गाडी पाहा लागन." माझ्याकडे जेमतेम चार आठवडे होते, आणि त्यातल्या कामाच्या दिवसांत शाळा.

मी आधी सोपा उपाय केला. दोन नळ्यांतला लगदा एकत्र मळून लावायचा, दगडासारखा घट्ट होतो, तो. टाकी रिकामी केली, सांधा घासला, लगदा लावला आणि पूर्ण दिवस वाळल्यावर काकांनी टाकी पुन्हा भरली. पुढच्या शनिवारी येऊन पाहिलं तर लगदा जागच्या जागी होता आणि त्याच्या कडेखालून डिझेल झिरपत होतं. नखाने उचलला तर अख्खी पट्टी निघून हातात आली. तेलकट पत्र्यावर काही चिकटत नाही, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

मग टाकी उतरवून रिक्षात घातली आणि फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने झाकण उघडून नाक लावलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"ताई, पान्याची टाकी आना, दुधाचा कॅन आना. हे नाई."

"रिकामी आहे दादा. थेंबही नाही आत."

"रिकामीचंच भेव असते." त्याने सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आकसलेली होती. "ही रिकामीच होती. तुमी मास्तरीन ना? भरल्या टाकीतलं डिझेल जळते, रिकाम्या टाकीतली वाफ फुटते. तुमाले सांगा लागते का?"

मला खरंच लाज वाटली. मी टाकी परत रिक्षात ठेवली. तो मागून आला आणि मऊ आवाजात म्हणाला, "पैशाचं नाई ताई. माह्या घरी लेकरं हायेत."

घरी आल्यावर मी टाकी अंगणात ठेवून तिच्याकडे बघत बसले. बाबांनी विचारलं, "गळते कुठून? नेमकं?"

"खालच्या सांध्यातून."

"सांधा दोन हात लांब हाये. कोन्त्या जागेतून?"

ते मला सांगता येईना. मग बाबांनीच तरकीब सांगितली, त्यांच्या काळात गॅरेजमधे करत ती. सांध्यावर बाहेरून चुना लावायचा, वाळू द्यायचा, आत डिझेल भरायचं आणि थांबायचं. घरात चुना नव्हता. माझ्या पिशवीत खडूचे तुकडे होते. ते कुटून पाण्यात कालवले आणि जुन्या ब्रशने सांधा पांढरा केला. वाळल्यावर आत डिझेल ओतलं. मी आणि बाबा टाकीसमोर बसलो, जसं दूध उतू जाईल म्हणून बसावं. पंधरा-वीस मिनिटांनी पांढऱ्यावर एक काळपट रेघ उमटली. केसाएवढी, दोन बोटं लांब. बाकीचा सांधा कोरडा होता.

"एवढीशी," मी म्हणाले.

"एवढीशीच असते," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "खामगावात तेलाच्या मिलमधे कथील वितळवून डबे झाळनारे होते. दिवसाले शंभर-शंभर डबे झाळत. कोळशाच्या शेगडीत तांब्याचं हत्यार तापवत आन् बिना जाळाचं काम करत. त्यायच्यातलं कोनी असन का अजून?"

सोमवारपासून शाळा सुटली की मी विचारत हिंडले. तेल आता प्लॅस्टिकच्या कॅनमधे जातं आणि डबे यंत्रावर बंद होऊन येतात. तीन ठिकाणी लोक हसले. चौथ्या ठिकाणी एका किराणावाल्याने बाजारामागच्या गल्लीकडे बोट केलं. "चाचा बसतात तिथं. फवारनीचे पंप दुरुस्त करतात."

चाचा सत्तरीच्या पुढचे होते. दारात पोत्यावर बसले होते, समोर शेगडी, भोवती पंपांच्या पितळी टाक्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती.

"पंपाचं करतो कसंबी. थे मोठं काम आता माह्या हातानं होत नाई, बेटा."

मी उठले नाही. मला स्वतःलाच कळत नव्हतं मी काय बोलणार आहे. "मग मला शिकवता का?"

त्यांनी माझ्याकडे, माझ्या साडीकडे आणि पर्सकडे पाहिलं. "कोन्ता विषय शिकवतं तू?"

"विज्ञान."

"मंग तुले समजन," ते म्हणाले. "उद्या ये. जुनी साडी नेसून ये."

आठ दिवस मी रोज शाळा सुटल्यावर तास-दीड तास त्यांच्या दारात बसले. त्यांच्याकडे लाकडी मुठीचं, पुढे तांब्याचा ठोकळा असलेलं हत्यार होतं. त्याला ते कैया म्हणत. तो शेगडीत तापवायचा, नवसागराच्या खड्यावर घासायचा, पांढरा धूर निघाला की झाळीच्या कांडीला टेकवायचा आणि मग सांध्यावरून ओढायचा. सांगायला एवढंच. पहिल्या दिवशी माझी झाळ पत्र्यावर गोळ्या होऊन घरंगळली.

"पत्रा पाह्य," चाचा म्हणाले. "काळा हाये. काळ्यावर झाळ बसत नाई. घास. आरशासारखा झाला पाह्यजे."

घासला.

"आता घाई करून राह्यली. कैयाले काम करू दे. झाळ पान्यावानी पळाली की समज बसली."

मी तेलाचे रिकामे डबे झाळायचे आणि मग त्यात पाणी भरून बघायचं. पहिला डबा तीन ठिकाणी गळला. दुसरा दोन. चौथ्याच्या वेळी माझा अंगठा भाजला. चाचांनी त्यावर थंड पाणी ओतलं आणि पुढचा डबा समोर ठेवला. सहावा डबा रात्रभर भरून ठेवला, दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा खालची फरशी कोरडी होती. त्यांनी डबा उचलून उजेडात फिरवला आणि म्हणाले, "बराबर." त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला चांगला शब्द.

मग त्यांनी टाकी कशी धुवायची ते सांगितलं आणि माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

शनिवारी दुपारी गावी आले ती थेट कामाला लागले. तीन दगडांवर पिंप ठेवून पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला. टाकीत ते पाणी आणि दोन ओंजळी बारीक खडी घातली, तोंड बंद केलं आणि काकांनी आणि मी दोन्हीकडून धरून ती पोत्यावर हलवली. खळखळ आवाज गल्लीत ऐकू जात होता. पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरं थोडं उजळ. चार वेळा धुतली. दरवेळी मी तोंडाशी नाक नेत होते. चौथ्यांदाही मला काही कळेना, नाक बधिर झालं होतं. बाबांना बोलावलं. ते काठी टेकत आले, वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"अजून हाये," ते म्हणाले.

पाचव्यांदा धुतली. मग ते म्हणाले, "नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी सांधा आणि उघडं तोंड दोन्ही वर येतील अशी कलती टेकवून आत पाणी भरलं. सांध्याच्या दोन बोटं खालीपर्यंत. म्हणजे आत वाफ साठायला जागाच नको. शेगडी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. काका तिकडून कैया तापवून आणत आणि मी झाळत होते. चार बोटं सांध्याला सकाळचे दोन तास गेले. दुपारी पाणी काढून टाकी वाळवली, खडू लावला आणि डिझेल भरलं. संध्याकाळपर्यंत पांढरं पांढरंच राहिलं.

आम्ही टाकी पुन्हा गाडीवर चढवली, पट्टे आवळले, खाली परात ठेवली. शुक्रवारी बाबांचा फोन आला. "परात कोरडी हाये." मी सचिवबाईंना सांगून टाकलं, "आपलीच गाडी." त्या फोनवरच ओरडल्या, "जमलं का मॅडम? वा!"

रविवारी काकांनी गाडी बाहेर काढली. चार वर्षांनी इंजिनाचा आवाज गल्लीत आला तेव्हा बाया दारात आल्या. काकांनी गाडी शेतरस्त्यानं नाल्यापर्यंत नेली आणि वळवून आणली. मी उतरून खाली वाकले. सांध्याच्या कडेला डिझेलचा एक थेंब लोंबत होता. बघता बघता पडला. मागून दुसरा आला.

मी तिथेच जमिनीवर बसले. काका शेजारी येऊन बसले. फडकं माझ्याकडे देत म्हणाले, "बाई, तू लय केलं. आता सांगून दे मंडळाले. अजून दिवस हायेत, त्यायले दुसरी भेटन."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला राग आला होता, वडनेरच्या त्या माणसाचा, टाकीचा आणि सगळ्यांत जास्त माझाच. "नाही सांगणार," मी म्हणाले. "टाकी उतरवा."

"आता?"

"आताच."

उतरवली. पुन्हा रिकामी केली, पुन्हा खडू लावला, पुन्हा भरली. मी झाळलेली रेघ शाबूत होती. चीर तिच्या टोकापासून पुढे सरकली होती, बोटभर. म्हणजे झाळ फुटली नव्हती, पत्राच फाटत चालला होता. मी ते बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मले गाडीपाशी ने."

मी त्यांना हात धरून नेलं. जिथे टाकी बसते तिथे गाडीच्या अंगाला दोन लोखंडी घोड्या आहेत, टाकीच्या पोटाच्या आकाराच्या. बाबांनी त्यांच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "टाकी आन. पट्टे आवळू नको, नुसती ठेव." आम्ही रिकामी टाकी उचलून ठेवली. बाबांनी घोडी आणि टाकीच्या मधे बोटं घातली. पुढच्या घोडीत बोट जाईना. मागच्या घोडीत त्यांचा तळहात अर्धा आत गेला.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "हिचं पोट येगळं हाये. इथं टेकते, तिथं नाई टेकत. तुमी पट्टा आवळता तवा टाकी पिळून राह्यली. गाडी हालली की अजून पिळते. सांधा काय करन बिचारा?"

वडनेरला पाणी भरलं तेव्हा टाकी जमिनीवर होती. खडूची परीक्षा झाली तेव्हाही जमिनीवरच. त्या माणसाने फसवलं नव्हतं. आम्हीच पहिल्या दिवशी पट्टे आवळून ती फाडली होती, आणि मी ती झाळून पुन्हा फाडायला तयार केली होती.

"आधी काऊन नाई सांगितलं तुमी?" काका म्हणाले.

"मले दिसत असतं तं सांगितलं असतं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हातानं पाहा लागन हे मलेबी आज सुचलं."

आता दोन कामं होती. मागची घोडी भरून काढायची आणि फाटलेल्या जागी नुसती झाळ न लावता पत्र्याचं ठिगळ लावायचं. ठिगळ मी कधी लावलं नव्हतं. चाचांना फोन लावला तर त्यांच्या सुनेनं उचलला. ते शेगावला मुलीकडे गेले होते, गुरुवारशिवाय येणार नव्हते. जयंती त्याच आठवड्यात होती.

सोमवारी आणि मंगळवारी मी शाळेत रजा टाकली. तशी मी कधी टाकत नाही. काका सकाळीच खामगावला गेले आणि एका बंद पडलेल्या जिनिंगच्या चौकीदाराकडून यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा मागून आणला, रबर आणि कापडाचा, बोटभर जाड. बाबा बाजेवर बसून तो सुरीनं कापत होते. काका एक तुकडा घोडीवर ठेवायचे, टाकी टेकवायचे, बाबा बोटं घालून बघायचे आणि सांगायचे, "अजून एक पातळ." चार थर झाले तेव्हा त्यांचं बोट कुठेच जाईना, पुढेही नाही आणि मागेही नाही.

मी तोपर्यंत टाकी पुन्हा धुतली होती. पाच वेळा. वासासाठी बाबा दोनदा उठले.

ठिगळाला तेलाच्या डब्याचा पत्रा घेतला, कात्रीनं पानाएवढा कापला, टोकं गोल केली. चाचा समोर असते तर काय म्हणाले असते, ते मी मनात म्हणत होते. काळ्यावर बसत नाही. घास. घाई नको. आधी टाकीच्या पत्र्यावर झाळीचा पातळ हात दिला. मग ठिगळाच्या आतल्या बाजूला. मग ठिगळ जागेवर ठेवून काकांनी लाकडाच्या ठोकळ्यानं दाबलं आणि मी गरम कैया त्याच्यावरून हळू हळू ओढला. बराच वेळ काही झालं नाही. हात दुखायला लागला. मग ठिगळाच्या कडेतून चकचकीत झाळ बाहेर आली, सगळ्या बाजूंनी एकदम, आणि पळाली. मी कैया उचलला. काकांना म्हटलं, "हलू नका." आम्ही दोघं तसेच, श्वास धरून, ती थंड होईपर्यंत थांबलो.

दुसऱ्या दिवशी टाकी भरून गाडी बाहेर काढली. मागे काकांनी दोन पिंपं पाणी आणि शेजारची सहा माणसं चढवली, वजनासाठी. बाबा म्हणाले, मीबी येतो. त्यांना काकांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून केबिनमध्ये चढवलं. शेतरस्ता, नाला, खड्डे, परत. मग पुन्हा एकदा. मी उतरून कागद घेतला, शाळेतल्या वहीचा कोरा कागद, आणि सांध्यावरून, ठिगळाच्या कडेवरून, नळीच्या जोडावरून फिरवला. कागद धुळीनं माखला, पण कोरडा होता. मी तो केबिनकडे नेला आणि बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चोळला आणि नाकाला लावला.

"चाल," ते म्हणाले. "धुवा लागन आता गाडी."

जयंतीच्या दिवशी दुपारी चारला मिरवणूक निघाली. स्टिअरिंगवर काका होते. बाबा त्यांच्या शेजारी बसले आणि सगळा वेळ त्यांना सांगत होते, "क्लच पूरा नको सोडू. आता सोड. थांब, बाया मांगं राह्यल्या." काकांनी एरवी कुणाचं एवढं ऐकलं नसतं. वळणावर सचिवबाईंनी गाडी थांबवून बाबांच्या गळ्यात हार घातला, तेव्हा बाबा खिडकीतून हात बाहेर काढून नमस्कार करत होते, पण ते भलत्याच दिशेला बघत होते. मग कुणीतरी त्यांचा हात धरून सरळ केला आणि ते हसले.

मी गाडीच्या बाजूनं चालत होते, टाकीच्या अगदी जवळ. गाणी झाली, लेझीम झालं, चौकात भाषणं झाली. पुढे कुणी काय बोललं ते मला आठवत नाही. मी सगळा रस्ता टाकीच्या खालची जमीन बघत होते. दर थांब्यावर वाकून बोट फिरवत होते. शेजारची एक बाई म्हणाली, "मॅडम, वरतं पाह्य जरा, किती फुलं हायेत." मी वर पाहिलं आणि लगेच पुन्हा खाली पाहिलं. नंतर सचिवबाईंनी फोनवर फोटो पाठवले. त्यातल्या एकाही फोटोत माझं तोंड दिसत नाही. नुसता अंबाडा.

दिवेलागणीला मिरवणूक परत वस्तीत आली. बोट कोरडंच होतं.

त्यानंतरच्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी चाचांकडे गेले. ते मुलीकडून आले होते, दारात पोत्यावर बसले होते. मी घोड्यांचं सांगितलं, पट्ट्याच्या तुकड्यांचं सांगितलं, ठिगळाचं सांगितलं. ठिगळ कसं दाबलं ते त्यांनी पुन्हा विचारलं. मी हातानं करून दाखवलं. ते मान हलवत होते. मग त्यांनी मागे हात घालून फवारणीचा एक पंप पुढे ओढला. तळाशी चीर होती, लांबलचक.

"हा आठ दिवसांपासून पडला हाये," ते म्हणाले. "शेतकरी रोज विचारून राह्यला. शेगडी पेटवू का?"

मी पर्स दाराच्या खिळ्याला अडकवली आणि पदर खोचला.